विद्यापीठातल्या जुन्या टेपा, कॅसेटी, रिळं : पैसे थोडे, माल जास्त, आधी काय वाचवू?

खालच्या_मजल्यावरचा | सोमवार, रात्री ९:५०

राम राम मंडळी. मी इथला जुना वाचक, धागा पहिल्यांदाच काढून राहिलो कारण आता डोकं चालेनासं झालंय. नागपुरातल्या एका विद्यापीठाच्या एका विभागात मी कंत्राटावर ग्रंथालय सहायक आहे (नाव विचारू नका, कंत्राट मार्चमध्ये रिन्यू व्हायचंय). आमच्या जुन्या बिल्डिंगची दुरुस्ती निघाली आणि तळमजल्यावरची एक खोली तीन महिन्यांत रिकामी करा असं पत्र आलं. खोलीचं कुलूप शेवटचं कधी उघडलं ते कोणालाच नीट सांगता येईना, शिपाई म्हणतो पुराच्या वेळी. म्हणजे २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट, अंबाझरी ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदी लोकांच्या हॉलमध्ये शिरली तेव्हा. आमच्याकडे वीतभर पाणी आलं होतं. खालच्या रॅकवरच्या कॅसेटी कोणीतरी अंगणात उन्हात वाळवल्या आणि परत तशाच ठेवून दिल्या. लेबलं त्यातच गेली.

तीन दिवस मास्क लावून मोजणी केली. १७० च्या आसपास स्पूल टेपा, साडेसहाशे ऑडिओ कॅसेटी, ९४ यु-मॅटिक (नवीन पोरांसाठी: जाड पुस्तकाएवढी असते ती व्हिडिओ कॅसेट), दीडेकशे व्हीएचएस, १६ एमएम फिल्मचे ४० डबे, आणि एका बुटाच्या खोक्यात मिनिडीव्ही (छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेटी) अन् सीडी. जो फंड मिळाला त्यात बाहेरच्या एजन्सीकडून फार तर दोनशे नग डिजिटल करून होतील. म्हणजे पाचात एकही नाही.

साहेब म्हणतात आधी दीक्षांत समारंभाच्या टेपा करा, मोठमोठे पाहुणे आलेले आहेत. मला ते पटत नाही पण का पटत नाही हे त्यांना सांगता येत नाहीये. आजपासून एकेक कॅसेट लावून ऐकतो म्हणजे कळेल काय आहे, असा विचार आहे. कोणी असं काम केलंय का?

—

रिटायर्ड_टेपवाला | सोमवार, रात्री १०:२०

काही लावू नका!! आधी हे वाचा मग जेवा.

माझी उभी हयात रेडिओच्या टेपांत गेली. जुनी टेप बिघडलेली असली तर पहिल्यांदा वाजवतानाच ती शेवटची वाजते. ७०-८० च्या दशकातल्या काही टेपा, विशेषतः ज्यांच्या पाठीवर काळा मॅट थर असतो त्या, हवेतलं पाणी पितात. चुंबकीय पावडर फितीला धरून ठेवणारा जो डिंक असतो तो पाण्याने विरघळत जातो, चिकट होतो, मग टेप मशीनच्या हेडवरून (आवाज वाचणाऱ्या भागावरून) जाताना कुत्र्याच्या पिल्लासारखी कुंई कुंई करते आणि हेडवर तपकिरी चिखल साचतो. तो चिखल म्हणजेच तुमचं रेकॉर्डिंग.

दोन गोष्टी सांगा. फिल्मच्या डब्यांना वास कसला येतो? आणि त्या खोलीत कूलर आहे का?

—

खालच्या_मजल्यावरचा | सोमवार, रात्री १०:३५

वास आंबट, कैरीच्या लोणच्याची बरणी उघडल्यासारखा, सगळ्या नाही पण सात-आठ डब्यांना. कूलर आहे की. खोली बंद असली तरी बाजूच्या ऑफिसचा मोठा कूलर मधल्या खिडकीतून तिकडेच फेकतो, एप्रिल ते जून दणकून चालतो. त्यामुळे थंड राहते म्हणून तर ही खोली निवडली होती म्हणतात. का हो?

—

रिटायर्ड_टेपवाला | सोमवार, रात्री ११:०५

तेच तर. आपल्या नागपूरचा मे महिना माणसाला भाजतो, पण टेपेच्या दृष्टीने त्यातली एकच गोष्ट चांगली, ती म्हणजे हवा कोरडी. आपण तिथे खस लावून पाणी मारतो. खोली थंड वाटते आणि कपाटात दमट हवा भरते. मग जूनमध्ये पाऊस सुरू, म्हणजे टेपेला वर्षातले सहा महिने आंघोळ. कूलरची हवा तिकडे जाणं उद्याच बंद करा, खिडकीला पुठ्ठा ठोका. एसी नसला तर नसू द्या, पंखा अन् कोरडी खोली बरी.

आंबट वासाचे डबे आजच वेगळ्या खोलीत न्या. ती फिल्म सेल्युलोज अॅसिटेट नावाच्या प्लास्टिकची. सडायला लागली की तिच्यातून अॅसेटिक अॅसिड निघतं, म्हणजे व्हिनेगरच, आणि ते अॅसिड सडणं अजून वाढवतं आणि शेजारच्या चांगल्या रिळांनाही लागतं. नासका आंबा पेटीतून काढतो ना, तसंच. डबे घट्ट टेप लावून बंद करू नका, वाफ बाहेर जाऊ द्या.

स्पूलसाठी साधी युक्ती. स्पूल आडवं धरून खिडकीसमोर न्या. टेपेच्या गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर अॅसिटेट, दिसला नाही तर पॉलिस्टर. अॅसिटेटचा गठ्ठा वेगळा ठेवा, त्यांचाही वास घ्या.

—

इतवारीचा_गब्बू | मंगळवार, सकाळी ८:१५

काहून एवढं टेन्शन घेऊन राह्यले भाऊ. बर्डीवर जुने व्हीसीआर वाले अजून दोन-तीन सापडतात, सगळं एका पोट्ट्याले द्या, कंप्युटरमधी टाकते, यूट्यूबवर चढवते, झाला कार्यक्रम. अन् त्या चिकट टेपा गच्चीवर ठेवा मे महिन्यात, ४५ डिग्रीत पापड वाळते तर टेप नाही वाळत का?

—

रिटायर्ड_टेपवाला | मंगळवार, सकाळी ९:००

गब्बू, हसू नका, तुम्ही अर्धं बरोबर बोललात. चिकट टेपा खरंच भाजतात. ५०-५५ डिग्रीला, तापमान जराही हलणार नाही अशा लॅबच्या इन्क्युबेटरमध्ये, आठ तास किंवा जास्त. मग थंड होऊ देतात आणि थोड्याच दिवसांत कॉपी करून घेतात, कारण ती परत चिकटते. पण हे फक्त त्या विशिष्ट पॉलिस्टर टेपांना. अॅसिटेटला भाजलं तर वाकडी होऊन बसेल. आणि गच्चीवर ऊन एका बाजूने लागतं, वरून धूळ. पुरानंतर यांच्याकडे तेच झालं ना, पाण्याने नसेल झालं तेवढं नुकसान उन्हाने झालं असेल. ओली टेप निदान स्वच्छ डिस्टिल्ड पाण्याने धुवून सावलीत हवेवर सुकवायची असते.

यूट्यूबचं म्हणाल तर ते दाखवायला ठीक. जपायला ऑडिओ ९६ किलोहर्ट्झ २४ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये घ्यावा, जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांत तोच पायंडा आहे. तासाला दोन जीबी लागतात. दोनशे तास घेतले तरी चारशे जीबी, म्हणजे कॉलेजच्या पोराच्या लॅपटॉपमध्ये मावेल. जागेचा प्रश्नच नाही हो, माणूस अन् मशीन मिळत नाही हा प्रश्न आहे. तासाच्या टेपेला साफसफाई, जुळवणी, नोंद धरून तीन तास धरा.

—

ब्लूमिंग्टनकर | मंगळवार, दुपारी १२:१०

मूळचा धरमपेठचा, सध्या अमेरिकेत इंडियाना राज्यात. इथल्या इंडियाना युनिव्हर्सिटीने हेच केलं पण त्यांनी सुरुवात डिजिटायझेशनने केलीच नाही. २००८-०९ मध्ये फक्त मोजणी केली. ब्लूमिंग्टन कॅम्पसवर ऐंशीच्या आसपास विभागांच्या कपाटांत मिळून साडेपाच लाखांच्या वर ऑडिओ, व्हिडिओ, फिल्मचे नग निघाले, कोणालाच अंदाज नव्हता. तो आकडा घेऊन ते वरिष्ठांकडे गेले, आणि २०१३ मध्ये अध्यक्षांनी दीड कोटी डॉलर जाहीर केले. प्राधान्य ठरवायला त्यांनी सॉफ्टवेअरच केलं, एकात नग किती खराब होतोय त्याचे मार्क, दुसऱ्यात तो अभ्यासासाठी किती मोलाचा त्याचे मार्क. आपल्याला एवढं नको, एक्सेलमध्ये दोन कॉलम पुरे. पण दोन्ही कॉलम वेगळेच भरा. नाहीतर काय होतं, जे आवडतं त्याचीच अवस्था वाईट वाटायला लागते.

आणि घाई खरी आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फिल्म आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की २०२५ पर्यंत ज्या चुंबकीय टेपा डिजिटल होणार नाहीत त्या बहुतेक गेल्या समजा. टेप सडते म्हणून आणि मशीन मिळत नाही म्हणून, दोन्ही. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. यु-मॅटिक तर १९७१ चा माल.

—

सही_शिक्का | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

मी विद्यापीठातच (दुसऱ्या) आस्थापना विभागात २९ वर्षं काढली म्हणून दुसरी बाजू सांगतो. दीक्षांत समारंभाला नाही म्हणू नका. साहेबांना त्यांचा समारंभ आधी द्या. पाच कॅसेटी करा, छान पेनड्राइव्हमध्ये घालून पुढच्या कार्यक्रमात मोठ्या स्क्रीनवर लावा. आधी गणपतीला नारळ, मग बाकीची पूजा. फंडाचा दुसरा हप्ता तिथूनच येतो.

पण पाचच. कारण दीक्षांत भाषणं छापलेली असतात, वार्षिक अहवालात असतात, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात असतात. आवाज गेला तरी शब्द राहतो. तुमच्या खोलीत असं काय आहे ज्याचा शब्दसुद्धा दुसरीकडे कुठे नाही? ते शोधा आणि त्यालाच पहिला नंबर द्या, माझं तरी एवढंच म्हणणं.

—

खालच्या_मजल्यावरचा | बुधवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार, खरंच. पुठ्ठा ठोकला. ऑफिसवाले चिडले.

सही_शिक्का काकांचा प्रश्न घेऊन आज परत यादी पाहिली आणि बराच माल आपोआप मागे गेला. १६ एमएमचे ४० पैकी ३१ डबे फिल्म्स डिव्हिजनचे प्रिंट आहेत, शिक्केच आहेत. फिल्म्स डिव्हिजन १९४८ पासून असे प्रिंट देशभर वाटायची, तेव्हा ते दुसरीकडे असणार. उरलेले नऊ आमच्याच लोकांनी काढलेले दिसतात, एकावर फक्त "शेती विस्तार, काटोल रोड" एवढंच. आणि नेमके आंबट वासाचे आठातले पाच डबे त्या नऊमधलेच.

यु-मॅटिकपैकी बऱ्याच टेपा यूजीसीच्या देशव्यापी क्लासरूमसाठीच्या. १५ ऑगस्ट १९८४ ला दूरदर्शनवर तो सुरू झाला, घरी दुपारी टीव्ही लावला की गणित चालू असायचं, आठवत असेल. तयार कार्यक्रम दिल्लीला पोचलेले असतील असं धरून चालतो. पण २० टेपांवर "रॉ" लिहिलंय, म्हणजे न कापलेलं शूटिंग. ते कोण ठेवतंय?

आणि एक स्पूल, पिवळ्या खोक्यात, पेन्सिलीने "खंजिरी भजन, मोझरी". छातीत धडधडलं. मोझरी म्हणजे तुकडोजी महाराजांचा आश्रम, आणि महाराज १९६८ ला गेले. मूळ रेकॉर्डिंग असेल तर??

—

रिटायर्ड_टेपवाला | बुधवार, रात्री १०:५०

उजेडासमोर धरलं का? अॅसिटेट निघालं तर जुनं असण्याची शक्यता वाढते. पण जुनी टेप म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच, असं नाही. उद्या मी येतो, टेप वाजवायचा माझा डेक घेऊन. पत्ता खाजगी निरोपात पाठवा.

—

मोहफूल | गुरुवार, पहाटे ५:३०

झोप लागेना म्हणून लिहिते आहे. खालच्या मजल्यावरचे भाऊ, तुमच्या त्या साडेसहाशे कॅसेटींमध्ये निळ्या शाईने, बारीक अक्षरात, गावाचं नाव आणि पुढे नंबर असं लिहिलेल्या काही आहेत का? "एटापल्ली ३ ब" अशा?

१९८६-८७ ला मी प्रबंधासाठी गडचिरोलीत फिरले. जिल्हा होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. एसटीने आलापल्ली आणि पुढे मिळेल त्या वाहनाने. माडिया बायकांची गाणी, लग्नाची, मोहफुलं वेचायची, आणि झाडीपट्टीतली दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं. विभागाचाच टेपरेकॉर्डर होता, सेल स्वतःच्या पैशाने घ्यायचे. प्रबंध झाल्यावर गाइडसरांनी कॅसेटी विभागात जमा करायला लावल्या, चाळीसच्या वर होत्या. नंतर दोनदा मागितल्या तर अशा काही नाहीतच म्हणून सांगितलं. मग माझं लग्न, नोकरी, अमरावती, सगळंच.

—

खालच्या_मजल्यावरचा | गुरुवार, सकाळी ११:२०

ताई आहेत. २७ मोजल्या. निळी शाई. ११ खालच्या रॅकवरच्या, म्हणजे पाण्यात गेलेल्या. कॅसेटच्या छोट्या खिडकीतून आत पाहिलं तर टेपेच्या कडेला कापसासारखं पांढरं दिसतंय.

—

रिटायर्ड_टेपवाला | गुरुवार, दुपारी १:००

पांढरं म्हणजे बुरशी. त्या ११ वेगळ्या पिशवीत, उघडायच्या नाहीत, हात लावला तर एन-९५ आणि हातमोजे. बाकी १६ आपण पाहू. ताई, तुम्ही येऊ शकता का?

—

मोहफूल | गुरुवार, दुपारी १:०५

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. माझी तेव्हाची डायरी अजून आहे. कोणत्या बाजूला कोण गातंय ते फक्त तिच्यातच लिहिलंय, कॅसेटीवर नाही.

—

ब्लूमिंग्टनकर | गुरुवार, रात्री ९:३०

एक्सेलमध्ये तिसरा कॉलम टाका: "सांगणारं माणूस हयात आहे का". मार्क द्यायच्या कोणत्याच पद्धतीत मी हे असं सरळ पाहिलं नाही. टेप दहा वर्षं थांबली तर कदाचित वाचेल, पण डायरीवालं माणूस थांबत नाही. (ताई, राग मानू नका.)

—

मोहफूल | गुरुवार, रात्री ९:४५

राग कसला. त्रेसष्ट पूर्ण झाली, गुडघे सोडून सगळं शाबूत आहे.

—

इतवारीचा_गब्बू | शुक्रवार, सकाळी ७:५०

मी आपलं वरचं वाक्य मागं घेतो बापा. पण एक सांगा, आधी एकदा कोणीतरी हे सगळं कंप्युटरमधी टाकलं नसन का? सीड्या आहेत म्हणता ना.

—

खालच्या_मजल्यावरचा | शुक्रवार, सकाळी १०:३०

गब्बूभाऊ, जखमेवर बोट ठेवलं. त्या सीड्या २००४ च्या. तेव्हा एका कंत्राटदाराने साठेक स्पूल एमपीथ्री करून दिले आणि "आता डिजिटल झालं" म्हणून मूळ स्पूल रद्दीत गेले, रजिस्टरला तशी नोंदच आहे. सीड्या आज लावून पाहिल्या. १४ पैकी ९ वाचल्याच जात नाहीत, उरलेल्यांचा आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. त्यामुळे यावेळी मी पत्रातच लिहून घेणार आहे की मूळ नग फेकायचा नाही, कॉपी दोन हार्डडिस्कवर, आणि त्यातली एक दुसऱ्या बिल्डिंगमध्ये.

कॉपीराइटचं कोणी विचारण्याआधी: २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात सार्वजनिक, बिगरव्यापारी ग्रंथालयाला आपल्याकडे असलेल्या कृतीची जपणुकीसाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवायची मुभा आहे. लोकांना ऐकवायचं असेल तर तो वेगळा प्रश्न, आणि गाणाऱ्या बायकांच्या घरच्यांना तर विचारायलाच हवं असं मला वाटतं.

—

खालच्या_मजल्यावरचा | शनिवार, रात्री ११:४०

आजचा वृत्तांत. लांबलाय, माफ करा.

आधी खंजिरी भजन. स्पूल अॅसिटेटच होतं, वास नव्हता. टेपवाले काकांनी आधी हाताने सावकाश फिरवून सांधे तपासले, मग डेकवर लावलं. भजन सुंदर, पण शेवटी खरखरीतून निवेदिकेचा आवाज आला आणि मध्येच कटला. म्हणजे रेडिओवरून उतरवून घेतलेलं. माझं तोंड पडलं. काका म्हणाले तोंड पाडू नका, रेडिओकडे मूळ टेप असेलच असं नाही, तिथे टेपा पुसून परत वापरायचे, मीच पुसल्यात. मधल्या गठ्ठ्यात ठेवलंय.

मग एटापल्ली ३. कॅसेट उघडून पाहिली तर आतला फेल्टचा छोटा तुकडा, जो टेपेला हेडवर दाबतो, तो गळून पडलेला, गोंद वाळून भुगा. काकांनी पाच स्क्रूची एक कोरी कॅसेट उघडली, तिची टेप काढून टाकली आणि ताईंच्या टेपेच्या दोन्ही चकत्या चिमट्याने उचलून त्या नव्या खोळीत बसवल्या. दहा मिनिटं कोणी श्वास घेतला नाही. लावल्यावर आवाज आला पण रजईतून आल्यासारखा. मला वाटलं संपलं. काकांनी छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन हेडच्या बाजूचा एक स्क्रू इतका इतकासा फिरवला, पाव आटासुद्धा नसेल, आणि एकदम पडदा सरकल्यासारखं सगळं मोकळं झालं. कोंबडा, लांबून कोणीतरी लाकूड फोडतंय, आणि पाच-सहा बायका. ज्या डेकवर ती रेकॉर्ड झाली त्याचं हेड थोडं तिरकं असणार, म्हणून आपलंही तेवढंच तिरकं करावं लागतं, असं काका म्हणाले. आम्ही कॅसेटींचा आवाज गेला म्हणून टाकून देतो त्यातल्या कित्येक अशा नुसत्या तिरक्या असतील.

ताई डायरी उघडून बसल्या होत्या. गाणं थांबलं, टेपेवर एका मुलीचा आवाज आला, मराठीत, "नाव सांगा ना तुमचं", आणि मग नुसतं हसणं. ताई म्हणाल्या, "मी किती घाईत विचारत होते." डायरीत त्या पानावर पाच नावं आहेत. सहाव्या बाईच्या नावाच्या जागी फक्त "हसली" असं लिहिलंय.

साहेब मध्येच येऊन दारात उभे होते, आम्हाला कळलंच नाही. काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले दीक्षांत पाच करा, बाकीचं तुमच्या यादीने चालू द्या, आणि ते बुरशीवाले ११ एजन्सीला वेगळ्या दराने विचारा.

तर सध्याचा क्रम असा ठरलाय: आंबट वासाचे आमचेच पाच डबे, त्यांच्याबद्दल पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारतोय. मग ताईंच्या २७. मग "रॉ" यु-मॅटिक. मिनिडीव्ही मी शेवटी टाकल्या होत्या, नवीन आहेत म्हणून, पण काकांनी त्या वर ढकलल्या. म्हणाले जुनी टेप खरखरत खरखरत जाते, निदान कळतं तरी, डिजिटल टेप एक दिवस चौकोन दाखवते आणि दुसऱ्या दिवशी काहीच नाही. बाजारातल्या गाण्यांच्या कॅसेटी, फिल्म्स डिव्हिजनचे प्रिंट सगळ्यात मागे.

अडलंय ते यु-मॅटिकवर. स्टोअरमध्ये आमचाच जुना डेक सापडला, पॉवर येते, पण आतला पिंच रोलर (टेप पुढे ओढणारं रबरी चाक) विरघळून डांबरासारखा झालाय, बोटाला चिकटतो. एजन्सी म्हणते डेक तुमचा असेल तर दर निम्मा. नागपूर, वर्धा, अमरावती, कुठेही कोणाकडे भंगारातला का होईना दुसरा डेक असेल तर कळवा, मी स्वतः येऊन नेतो.

—

इतवारीचा_गब्बू | रविवार, सकाळी ८:०५

गांधीबागमधी माह्या मामाचं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं, ८८ पासून. माळ्यावर दोन मशिनी पडून आहेत, पुस्तकावानी जाड कॅसेट जाते त्यात. मामी भंगारवाल्याले द्याले निघाली होती दिवाळीत, मीच उचलाले आळस केला.

—

रिटायर्ड_टेपवाला | रविवार, सकाळी ८:१०

गब्बू, मामीला आत्ता फोन करा. आत्ता.